दुसऱ्या होडीला कुणी सांगितलंच नाही

पिंपरी,
पौष महिना

अहो,

परवा खाडीवरून परत आले. एकटी गेले, एकटी आले. एस.टी.नं, कुंभार्ली घाटातून, आणि एकदाही उलटी झाली नाही! पटत नाही ना? आपण दोघं गेलो होतो तेव्हा कऱ्हाड सुटल्यापासून मी तुमच्या मांडीवर डोकं टाकून पडले होते, आणि तुम्ही गाडीभर लोकांना सांगत होतात, "बायको देशावरची आहे, तिला वळणं सोसत नाहीत." काय लाजले होते मी!

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही. पण तिथं जे झालं ते आबांना सांगितलं तर ते अंगारा घेऊन येतील, आणि चाळीतल्या बायकांना सांगितलं तर त्या मलाच उचलून कुणा देवऋष्याकडे नेतील. म्हटलं, ज्याच्यापायी झालं त्यालाच सांगावं.

तुमच्या होडीबद्दल आहे. रावेतच्या नव्हे, दुसऱ्या.

माणसाला दोन होड्या कशाला लागतात हो? अख्ख्या पिंपरीनं हे मला विचारलं. तुम्ही कोकणातले, कारखान्यात बॉयलरवर लागलात, इथवर सगळ्यांना कळत होतं. पाण्यावाचून जीव रमत नाही म्हणून माझ्या माहेरी, रावेतला पवना नदीत एक होडी बांधलीत, तेही लोकांनी चालवून घेतलं. रविवारी भोंगा नसायचा तेव्हा गावची पोरंटोरं, म्हाताऱ्या सगळ्यांना तुम्ही फिरवून आणायचात. पण दुसरी? तीही तिकडे, घाटाखाली, दाभोळच्या खाडीत? मासे धरायचे नाहीत, उतारू न्यायचे नाहीत, नुसतं हिवाळ्यात हिंडायला!

आबा कसे चिडले होते आठवतं? "आरं, नांगराला दोन बैल लागत्यात म्हून मी दोन बाळगतो. तुला दोन होड्या कशापायी? दोन दगडांवर पाय ठिवणारा बुडतो, जावाई."

तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मामा, ही हिवाळ्यात गारठते. आणि मी पण."

तेवढंच खरं होतं. मार्गशीर्ष लागला की पवनेवर धुकं बसायचं आणि तुमच्या छातीत शिरायचं. कॅम्पातल्या सिंध्याकडून आणलेला मफलर गुंडाळून तुम्ही भिंतीला टेकून बसायचात. आडवं होणं नाही, झोप नाही. छातीत शीळ वाजायची, आणि मी खोलीतल्या पडद्याअलीकडून ती ऐकत पडायची. डॉक्टर म्हणाले, थंडीचे दोन महिने समुद्राकडे उबेला जा. दुसरा कुणी असता तर बहिणीकडे जाऊन खाटेवर पडला असता. तुम्ही वर्षभराची रजा साठवलीत आणि तिकडे होडी केलीत.

तुम्ही तिकडे जायचात आणि मला मात्र कामाला लावून जायचात! होडी काठावर कोरडी पडली तर फळ्या उकलतात म्हणे. म्हणून तुम्ही उबेत हिंडेपर्यंत मी रावेतला राहायचं आणि रोज सकाळी घागरीनं तुमच्या पहिल्या होडीच्या पोटात पाणी ओतायचं. पाय बधिर व्हायचे. येणारेजाणारे विचारायचे, "अनसे, होडीला पाणी पाजतीस व्हय?" मी म्हणायची, "हो, गाभण आहे." तुमच्यावर इतका राग यायचा तेव्हा! पण तुम्ही फाल्गुनात परत आलात की गाल भरलेले असायचे, मग रागवायचं राहूनच जायचं.

एकदाच नेलंत मला. भरतीबरोबर वर जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं. "पाण्याशी भांडायचं नसतं, ते नेतं तिकडे जायचं," असं तुम्ही म्हणालात. मला ते मुळीच पटलं नाही. कुठं जायचं हे ठाऊक नसताना माणूस निघतोच कसा? मग दुपारी तिवरांच्या सावलीत होडी बांधलीत आणि तुम्ही पाठीवर आडवे झालात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तुम्हाला आडवं झोपलेलं पाहिलं. त्या दिवसापासून दुसऱ्या होडीला मी कधी नावं ठेवली नाहीत.

तुम्ही गेलात गेल्या वर्षी भाद्रपदात. का नाही थांबलात थोडं? मार्गशीर्ष काही लांब नव्हता. नारळी पौर्णिमेला तुमच्या भावकीतल्या बाबलभावजींनी तिकडे होडीवरची झावळ्यांची झापं काढली होती, तिला तेल पाजलं होतं, पाण्यात सोडली होती. ती तयार होती. तुमचीच वाट होती.

तुमच्याकडची रीत तुम्हीच मला सांगितली होती. होडीचा धनी गेला की दहाव्याच्या आत घरच्या माणसानं जायचं, पुढच्या टोकावर, तुम्ही नाळ म्हणता तिथं, हात ठेवायचा आणि मोठ्यानं सांगायचं, "तुझा धनी गेला. वाट बघू नकोस." मग होडी पालथी घालायची. तुमच्या वडिलांच्या वेळी तुमच्या आईनं असंच केलं होतं.

मीही केलं. रावेतला गेले, नाळेवर हात ठेवला आणि सांगितलं. आबांनी आणि चुलत्यांनी ती पालथी घातली. मग मी विचारलं, "आबा, दुसरीचं काय?" बाहेर पाऊस धो धो, घाटात दरड आलेली, बाबलभावजींना तार तरी पोचली होती की नाही देव जाणे. आबा म्हणाले, "येकीला सांगितलं म्हंजी झालं. जोडीतल्या येका बैलाला कळलं की दुसऱ्याला कळतंच. त्याला काय सांगाया लागतं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. शेतकरी माणसं आम्ही! बैलाचं ते होडीचं, असं वाटलं आम्हाला.

पण एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही. तुम्ही गेल्यावरही पडद्याआड तुमचा खोकला येत होता. रोज, पहाटे. मी घाबरले नाही. उलट चहाचं आधण ठेवताना हात आपोआप दोन कप पाणी घ्यायचा. आणि ज्या दिवशी रावेतच्या होडीला सांगून परत आले, त्या दिवशी खोली गप्प झाली. खोकला नाही, पावलं नाहीत. मफलर नाकाशी धरला तर नुसती लोकर. स्वप्नातसुद्धा आला नाहीत. इतकं चटकन ऐकायचं का हो एखाद्या होडीचं? मी काही सांगितलं तर ऐकायला वर्ष लागायचं तुम्हाला!

तेव्हा कळलं मला. ती रीत खरी आहे. सांगितलं की माणूस जातो.

यंदा मार्गशीर्षात बाबलभावजी स्वतः आले. दारात उभे राहिले, पण आत बसेनात. म्हणाले, "वयनी, दादाची होडी जाग्यावर ऱ्हात नाय." गेल्या हिवाळ्यातही असंच झालं होतं, पण त्यांनी मला कळवलं नव्हतं. मार्गशीर्ष लागला की तिचा दोर सुटतो. तुटत नाही, गाठ सुटते. आणि होडी सापडते ती दरवेळी गोवळकोटच्या धक्क्यावर.

"भरतीनं वर जात असेल," मी म्हटलं.

"ओहोटीला पन जाते, वयनी." ते खाली बघत बोलले. "दादा चिपळूनला एस.टी.तनं उतरून त्याच धक्क्यार यायचा ना? ती आनायला जाते त्याला."



त्यांचंही खरं होतं हो. ती होडी कुणी विकत घेईना, कुणी तिच्यात पाय टाकीना. त्यांची सून पोटुशी, ती पाण्याकडच्या बाजूला जाईना. बाबलभावजी म्हणाले, "माज्यानं नाय व्हायचा ता. घरच्या मानसानंच सांगाया पायजे. तुमी या, सांगा तिला, मग मी फोडून टाकतो."

मी हो म्हटलं. काय करणार? त्यांनी इतकी वर्षं तुमची होडी राखली, पावसाळ्यात झापांनी शाकारली. त्यांच्या घरात भीती ठेवून मी इथं सुखानं जेवू कशी? पण एस.टी.त बसल्यापासून एकच विचार. पिंपरीतून तुम्ही गेलात, ते मीच सांगितल्यामुळे. आता जगाच्या पाठीवर एकच जागा उरलीय जिथं तुम्ही गेलात हे कळलेलं नाही. आणि ते कळवायला निघालेय कोण? तर मीच!

होडी गोवळकोटच्या धक्क्यावरच होती. सकाळची वेळ, ऊन नुकतं पडत होतं. सगळ्या फळ्यांवर दव होतं, थेंबन्‌थेंब दिसत होता. मागची, सुकाणाजवळची फळी मात्र कोरडी. माणूस बसून उठावा एवढीच कोरडी.

बाबलभावजींनी दोर धरला. बायकांनी काठावरूनच हात लावायचा असतो, पण मी आत उतरले आणि नाळेशी बसले, तोंड पुढं करून. आता तुम्हीच मला शिकवलंय, एक माणूस पुढं बसला की होडीची मागची बाजू उचलते. म्हणून तर तेव्हा मला सारखं "मधे सरक, मधे सरक" म्हणत होतात. ती उचलली नाही. होडी सरळ राहिली, दोन माणसं बसल्यासारखी. मी बाबलभावजींकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं.

आणि मग मला श्वास ऐकू आला.

माझ्या मागून, हातभर अंतरावरून. शीळ नाही, घरघर नाही, अडखळणं नाही. लांब, भरलेला, सावकाश सोडलेला श्वास. अहो, पिंपरीत इतकी वर्षं मी तुमच्याजवळ झोपले, असा श्वास एकदाही ऐकला नाही! मी रडले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीतही असं वाटत होतं की हे संपू नये.

नाळेवर हात ठेवला. म्हटलं, "तुझा धनी..."

पुढचा शब्द तोंडात आला होता. तुम्ही काहीच करत नव्हतात, नुसता श्वास घेत होतात. इतकं सोपं काम, आणि ते तुम्हाला आयुष्यभर जमू दिलं नाही आमच्या हवेनं. ते मी थांबवू?

मी म्हटलं, "तुझा धनी इथंच आहे. त्याला आणायला जाऊ नकोस. आणायचं असेल तर मला आण. दर मार्गशीर्षात मी या धक्क्यावर येईन."

काठावरून बाबलभावजींनी विचारलं, "सांगितलात काय?"

"सांगितलं," मी म्हणाले. त्यांनी हात जोडले. काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही.

होडी बाबलभावजींच्या दारी परत आणली, आणि पुढं मी त्यांच्याकडे होते तोवर तिचा दोर सुटला नाही. येसूवयनी, बाबलभावजींची बायको, पहिल्यांदा हसली. सून पाण्यावर भांडी घासायला गेली. बाबलभावजी कुऱ्हाड घेऊन निघाले तेव्हा मात्र मी आडवी आले. म्हटलं, "फोडायची नाही. माझी आहे ती." ते म्हणाले, "वयनी, तुमाला वल्हवता तरी येता काय?" मी म्हटलं, शिकेन. आता आबा काय म्हणतील ते तुम्हीच ऐका!

तर अशी गोष्ट आहे. आता पुन्हा भोंगा, नळ, चाळ. इथं तुम्ही नाही आहात, हे मी मान्य केलंय. वर्षाचे दहा महिने मी विधवेसारखी विधवा राहीन, कुणाला बोलायला जागा ठेवणार नाही. उरलेले दोन महिने माझे.

आणि एक वचन देते. तिथं आले की नाळेशीच बसेन, तोंड पुढं करून. मला वाटेल हो बघावंसं. फार वाटेल. त्या दिवशी तर मान अर्धी वळलीच होती. पण बघितलं आणि मागची फळी रिकामी दिसली, तर मग तुम्ही गेलात हे मलाही कळल्यासारखं होईल. म्हणून मी कधीच मागं वळून पाहणार नाही. तुम्ही तेवढा श्वास घेत राहा.

तुमची,
अनसा