हृदय कडक आहे

३ मार्च

प्रिय भाऊजींस,

स. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचा निरोप मिळाला. हे गेल्यावर तुम्ही इतके दिवस राहिलात, आधार वाटला.

सोमवारी इस्त्रीचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकं येऊन हळहळतात. मास्तरांनी डोळे पुसले आणि मग त्यांची निळी पँट सापडली का, असं विचारलं. सापडली.

एक सांगायचं होतं. दुकानाचा जिना चढताना तुम्हाला धाप लागली होती. तुम्ही धुळीमुळे म्हणालात. हेही धुळीमुळेच म्हणायचे. डॉक्टरांना दाखवा आणि काय म्हणाले ते कळवा.

जाऊबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमची वहिनी

११ मार्च

ती. स्व. वहिनींस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नेहमीप्रमाणे एकही सुरकुती नसलेलं. वाचून लगेच दवाखान्यात गेलो, म्हणजे चार दिवसांनी.

हृदयाची टूडी इको काढली. पंप उत्तम चालतो. स्नायू जरा जाड झाला आहे आणि हृदय कडक झालं आहे, असं डॉक्टर म्हणाले. मला बरंच वाटलं. तुमच्या काय, माझ्या काय, दोन्ही इस्त्रीच्या दुकानांच्या पाटीवर तोच शब्द आहे. दादालाही डॉक्टर हेच म्हणाले होते, त्यानं मला मुद्दाम फोन करून कळवलं होतं. घराण्याचा गुण म्हणायचा.

साखर आणि प्रेशर आहे, ते काय, जुनंच आहे. गोळ्या लिहून दिल्यात. पण पंप उत्तम म्हटल्यावर घाई कशाला? ही मागे लागली आहे. तिला म्हटलं, वहिनींना विचारतो, त्या कधी उगाच घाबरवत नाहीत.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नका.

तुमचा धाकटा दीर

१६ मार्च

प्रिय भाऊजींस,

स. न. वि. वि.

विचारलंत ते बरं केलंत. गोळ्या आजपासून घ्या. कारण खाली लिहिते.

यांना डॉक्टर कडक म्हणाले तेव्हा मी शेजारीच बसले होते. हे इतके खूश झाले की पुढचं काही त्यांनी ऐकलंच नाही. घरी येताना समोरच्या सलूनवाल्यालाही सांगितलं. तोही कडक म्हणाला.

हे गेल्यावर मी त्याच डॉक्टरांकडे पुन्हा गेले. पंप चांगला होता तर माणूस गेला कसा, असं विचारलं. त्यांनी नीट समजावलं. हृदयाला दोन कामं असतात, आवळायचं आणि सैल पडायचं. यांचं आवळणं शेवटपर्यंत ठीक होतं. सैल पडणं बिघडलं होतं. प्रेशर जास्त असलं की हृदयाला रोज जोर लावावा लागतो, त्यानं स्नायू जाड होतो. साखर त्याला आतून ताठ करते. मग ते पुरतं उघडत नाही आणि रक्त भरून घेत नाही. खळ जास्त झालेल्या सदऱ्याची बाही चिकटून बसते, हात जात नाही, तसं. हे उदाहरण माझं. डॉक्टरांनी फुग्याचं दिलं होतं.

आत न मावलेलं रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं. म्हणून धाप. म्हणून पायावर सूज. हे म्हणायचे, उभं राहायचा धंदा आहे, पाय सुजणारच. आडवं पडलं की जास्त त्रास होतो, म्हणून यांना तीन उशा लागायच्या.

इथे होतात तेव्हा तुम्ही माझ्याकडे दुसरी उशी मागितलीत. मी दिली आणि आत जाऊन बसले.

आपल्या धंद्यात कडक म्हणजे चांगलं. दवाखान्यात तसं नाही. यांचे कपडे अजून वाटायचे राहिलेत. तुमचेही वाटायची वेळ आमच्यावर आणू नका.

लोभ वाढू द्या, मीठ कमी होऊ द्या.

तुमची वहिनी

२९ मार्च

ती. स्व. वहिनींस,

सा. न. वि. वि.

गोळ्या सुरू केल्या. त्यातली एक लघवीची आहे. शर्ट अर्धा झाला की पळावं लागतं. गिऱ्हाइकं समजून घेतात, एकदा बाही करपली तेवढीच.

काल पुन्हा दवाखान्यात गेलो. घरात कोणाला हा त्रास होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की दादा झोपेत गेला, काही त्रास नव्हता. काल सांगितलं की त्याला वर्षभर धाप लागत होती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

आता वेळेवर गोळ्या घेतल्या, साखर आणि प्रेशर आटोक्यात ठेवलं, तर त्रास पुष्कळ कमी होईल म्हणाले. झालेलं सगळं मात्र मागे जाणार नाही.

येताना बस चुकली, चालत आलो. वाटेत दोनदा थांबावं लागलं. घरी आल्यावर हिला तसं सांगितलं. एरवी सांगितलं नसतं. हिनं वर जाऊन माझी गादी काढली आणि खालच्या खोलीत आणून घातली.

दुकान सांभाळा, स्वतःलाही सांभाळा. रागवायचा तुमचा हक्क आहे, तो सोडू नका.

तुमचा धाकटा दीर