खांद्याचं माप

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून पुरेशी अक्कल न आलेल्या) भावाचा वाकून नमस्कार. मी इथे सुखरूप पोचलो. तुझी कंबर, गुडघे आणि रक्तदाब या तिघांची मी क्रमाने चौकशी केली आहे असं समज. गोळ्या वेळेवर घे. बरं वाटलं म्हणून बंद केल्या, हे मी आल्यावर ऐकून घेणार नाही. फोन न करता पत्र का, असं विचारशील. तर फोनवर तू "एका वाक्यात सांग" म्हणतेस, आणि जे घडलं ते एका वाक्यात बसणारं नाही. (एका वाक्यात: मी कोटात अडकलो.)

तू मला कशासाठी पाठवलंस ते मी विसरलेलो नाही, हे आधीच लिहून ठेवतो. विमा कंपनीतली थंडगार खोलीतली खुर्ची सोडून तुझी लेक, आपली बबडी, या अवाढव्य शहरात कपडे शिवायला बसली त्याला आठ महिने झाले, आणि तेवढेच महिने तू तिच्याशी बोललेली नाहीस. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून तू पाठ मोडून घेतलीस ती पोरीला मशीनवर बसावं लागू नये म्हणूनच. तेव्हा गिऱ्हाईक बनून जायचं, दुकान डोळ्यांनी बघायचं आणि तिचा कान धरून तिला जुन्या नोकरीवर परत पाठवायचं, असा तुझा हुकूम. मी तो तंतोतंत पाळला. निदान पहिला अर्धा तास तरी.

तिचं दुकान ज्या गल्लीत आहे तिथे पूर्वी छापखाने होते. आता प्रत्येक जिन्यावर एकेक डिझायनर बसतो. सगळे इथलेच, याच शहरातले कलाकार, आणि बहुतेकांना पाटी लावण्याचा तिटकारा. आता तुला माहीत आहे, मी एकतीस वर्षं वजनंमापं तपासणाऱ्या खात्यात काढली. आमच्यात एक पद्धत होती. ज्या दुकानाबद्दल तक्रार आहे तिथे आधी जायचं नाही, शेजारच्या दुकानात शिरायचं, चार वस्तू चाळवायच्या आणि बोलता बोलता शेजाऱ्याची माहिती काढायची. म्हणून मी बबडीचा जिना सोडून शेजारचा जिना चढलो. (माझ्या उभ्या नोकरीत ही पद्धत कधी अंगाशी आली नव्हती. अंगावर आली ती इथेच.)

वर एक लांबलचक पांढरी खोली आणि एका दांडीवर फक्त सात कपडे. माल संपलाय का, असं मी सहानुभूतीने विचारलं. दुकानाचा मालक म्हणजे डोक्यावर अंबाडा घातलेला एक धिप्पाड, हसतमुख गृहस्थ. (अंबाडा तुझ्यापेक्षा नीट होता, रागावू नकोस.) त्याने सांगितलं की हाच सगळा माल. माहिती काढायची तर कशात तरी रस दाखवायला हवा, म्हणून मी एका राखाडी कोटाकडे बोट केलं. कोटाला बटणं होती, पण ती लावण्यासाठी नव्हती. खिसा होता, पण पाठीवर. चिठ्ठीवर लिहिलं होतं "फ्री साइज". ताई, हे दोन शब्द वाचून माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना बसणारं माप म्हणजे काय? उद्या कोणी "फ्री किलो" म्हणून साखर विकेल! मी खिशातली टेप काढून कोटाची छाती मोजली. छत्तीस भरली. माझी बेचाळीस. हे मी अंबाडेवाल्याच्या निदर्शनास आणून दिलं, तर तो म्हणाला, की कापडाला तुमच्या शरीराशी बोलू द्या.

मग ते दोघं बोलले, आणि जोरदार भांडण झालं. कोट डोक्यावरून घालायचा होता. बूट बाहेर काढून मी पडद्याआड गेलो, दोन्ही हात वर केले, कोट कोपरापर्यंत आला आणि थांबला. ना वर जाईना, ना खाली येईना. डोकं आत, हात आभाळाकडे, पोट उघडं, आणि श्वास घ्यावा तर शिवणी करकरायला लागल्या. मी हाका मारल्या. अंबाडेवाला पडद्याबाहेरूनच कळवळला (कोटासाठी) आणि म्हणाला, "ओढू नका हं काका, आत कापड अजिबात सोडलेलं नाहीये. शेजारच्या ताईंना बोलावतो. गल्लीतलं अडकलेलं सगळं त्याच सोडवतात." शेजारच्या ताई कोण, हे तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं, पण पळून जायची सोय नव्हती.

पडदा आखूड होता, घोट्याच्या वर संपणारा. मला पावलं ऐकू आली, ती पडद्याशी आली आणि थांबली. मग बबडीचा आवाज आला, अगदी हळू, "आई आलीये का?"

ताई, माझ्या डाव्या मोज्याची टाच तू गेल्या महिन्यात रफू केलीस ना, ती तिने पडद्याखालून पाहिली होती. मामाचे पाय तिने ओळखले नाहीत. तुझा टाका ओळखला. मी कोटाच्या आतून म्हणालो, की मी एकटाच आहे. "बरं. मामा, तू हलू नकोस," एवढंच म्हणून तिने बारीक कात्रीने दोन्ही बाजू उसवल्या आणि मला बाहेर काढलं. तिचे डोळे लाल होते. माझेही होते, पण मला श्वास कोंडल्याचं कारण देता आलं.

मग तिच्या दुकानात गेलो, ते तपासणी करायला. एक खोली, दोन मशीनं, कापायचं टेबल आणि खिडकीत एक डोकं नसलेला पुतळा. मी कान धरण्याच्या बेतात होतो तेवढ्यात एक नर्सबाई आल्या. दुकान उघडलं त्याच आठवड्यात त्यांनी इथून एक लांब कुर्ता नेला होता. आता त्या भरल्या होत्या आणि तो दंडात नि बगलेत काचत होता. बबडीने बाजू उसवली, तर आत दोन बोटं जादा कापड, व्यवस्थित दुमडलेलं. शिंपी ज्याला माया म्हणतात, ती सोडलेली. नर्सबाई मला म्हणाल्या, की या शहरात एवढं कोणी सोडत नाही, सगळे चोपून कापतात. मी टेप लावली. चारही शिवणींना पावणेदोन इंच, सूतभर फरक नाही. तिला विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, शाळेचे कपडे तीन वर्षं पुरायला हवेत म्हणून आई सोडायची तेवढंच सोडते. तू तिला कधी सुई हातात धरू दिली नाहीस. ती मशीनखाली बसून दोऱ्याचे तुकडे वेचायची आणि बघायची, एवढंच.

आता तुझी मुख्य काळजी, पाठ. बबडी थेट तुझ्यासारखी बसते, पोक काढून, नाक सुईला लावून. मी मशीनचं टेबल मोजलं, स्टूल मोजलं. टेबल अडीच इंच खाली होतं. लाकडाचे ठोकळे आणून मी ते त्याच दुपारी उचललं. आणि ते करताना हातातली टेप तशीच राहिली, ताई. तुझं टेबलही तेवढंच खाली होतं. एकतीस वर्षं मी गावभरच्या दुकानदारांची मापं काढत फिरलो, आणि रोज तुझ्या हातचं जेवून उठताना समोरचं तुझं टेबल कधी मोजलं नाही. मला फार वाईट वाटलं. तुला तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

असो. तर तपासणीत दोष आढळला नाही, असा माझा लेखी अहवाल आहे. नोकरीचा विषय काढायचा राहून गेला, तो योग्य वेळ बघून काढीन.

तुझा, अंगाने शाबूत
धाकटा

ता. क. उसवलेला कोट मला घ्यावाच लागला. किंमत लिहीत नाही, तुझा रक्तदाब आहे. बबडीने त्याला दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडून दिल्या. आता तो उत्तम बसतो, आणि पाठीवरच्या खिशात चष्मा छान राहतो. हसू नकोस.

ता. क. २. शनिवारी परत येतो म्हणालो होतो, ते जमेलसं दिसत नाही. मी इथे बटणं लावतो. योग्य वेळ अजून आलेली नाही. खरं सांगायचं तर मी ती बघतही नाही.

ता. क. ३. सोबतच्या पार्सलमध्ये तुझ्यासाठी कुर्ता आहे. तिने तो तुझं जुनं माप आठवून कापला आहे, आणि नुसत्या पांढऱ्या धावदोऱ्यावर जोडला आहे. पक्की शिलाई घातलेली नाही. मला विचारत होती, आई बारीक झाली का? मी म्हणालो, अंदाजे माप सांगणं आमच्या खात्यात बसत नाही. तेव्हा तो अंगाला लावून बघ आणि माप तिला तूच कळव. छातीचं, कमरेचं, बाहीचं फोनवर सांगितलंस तरी चालेल. पण खांद्याचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही, हे मी तुला सांगायला नको. सकाळी सातच्या बसचं तिकीट मी कॉलरच्या आत टाचून ठेवलं आहे. तिला माहीत नाही.