थंडीत लावलेला कूलर

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठल्या ऑफिसात मीटिंगची खोली दिसली की मी आधी कूलर शोधतो. आता सगळीकडे एसी असतो, तरी शोधतो.

आपलं धुळ्याचं दुकान म्हणजे लग्नातले भोंगे. आवाज मोठा हवा, एवढंच मला ठाऊक. जळगावच्या दालमिलच्या शेठनी मीटिंगच्या खोलीसाठी माईक, स्पीकर, प्रोजेक्टर, पडदा, सगळं निवडून द्या म्हणून निरोप धाडला, तेव्हा तुम्ही चार माणसांत माझ्याकडे बोट केलंत. "निवड हाऊ करी." हा करेल, म्हणजे मी, तुमच्या हाताखालचा गडी, सातवी नापास. काम फसलं तर ऑफिसांची कामं पुन्हा दुकानाला मिळणार नाहीत आणि बोल मला लागेल, या धास्तीने एसटीत मी पिशवीतल्या वायरी पुन्हा पुन्हा मोजत होतो.

ऐन थंडी होती. शेठ आणि त्यांचे भाऊ मफलर गुंडाळून बसलेले. मी लग्नात ठेवायचो तसे दोन मोठे स्पीकर पुढे मांडले. शेठ खूश. तुम्ही म्हणालात, "शेठ, कूलर लावा."

"नाना, या थंडीत? दवाखान्यात धाडता का आम्हाला?"

"मोठी मीटिंग कधी असते तुमची?"

"मे महिन्यात. सगळे एजंट येतात."

"मग आज मे शे समजा."

कूलर घरघरायला लागला. तुम्ही मला माईकवर पेपर वाचायला लावलंत आणि स्वतः शेवटच्या भिंतीशी जाऊन बसलात. शब्द कळला की हात वर करणार होतात. मी अक्षर लावत, अडखळत वाचतोय. शेठचे भाऊ हसले, "नाना, तुमचा माणूस मेपर्यंत पहिली बातमी संपवेल ना?" तुम्ही मागूनच ओरडलात, "भरभर वाचणाऱ्याचं मी अंदाजाने ओळखलं असतं. याचं ऐकावंच लागतं. वाच रे भाऊ." पण तुमचा हात काही वर जाईना. पुढे बसलेल्या शेठनी मात्र कान झाकले होते.

"आता सांग, काय करानं?" तुम्ही विचारता. उत्तर तुम्हाला ठाऊक असणारच, पण तुम्ही थांबून राहता. मी घाबरत म्हणतो, मोठे नकोत, लहान स्पीकर बाजूच्या भिंतींवर लावू, मागच्या माणसाजवळही एक. माईक तोंडाशी धरायचा, कूलरकडे त्याची पाठ. पडदा खिडकीसमोरून काढू, दुपारी त्यावर ऊन येईल. तुम्ही शेठना एवढंच म्हणालात, "ऐकलं ना? तेच लागी." स्वतःचा एक शब्दही त्यात घातला नाहीत.

मे महिन्यात मीटिंग झाली आणि शेठचा माणूस सांगत आला, "यंदा मागच्या रांगेतले एजंटही भाव ऐकून भांडले!" तुम्ही त्याला चहा पाजलात आणि म्हणालात, "मला काय सांगतो, त्याला सांग."

हे पत्र टाकायला पेटी कुठली, नाना. पण एक राहिलंय. तुमच्यामागे मी बरीच ऑफिसं केली आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलं, "नानांनी असंच बसवलं असतं." स्वतःची निवड म्हणायचा धीर झाला नाही. पुष्कळदा तुम्ही तसं बसवलं नसतंत, हे मला तेव्हाही माहीत होतं.