सात नंबरचा ट्रक आणि सात नंबरचा कोट

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? बाबा ठणठणीत आहेत, म्हणजे दिवसभर कुरकुरतात. (ज्या दिवशी कुरकुरत नाहीत त्या दिवशी मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघते.) बरेच दिवस पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, पण इकडे काय काय झालं ते वाचलंस की राग विसरशील.

आमच्या लाँड्रीसमोरचा रस्ता तुला ठाऊक आहेच. बंदराच्या गेटापाशी लागणारी कंटेनरच्या ट्रकांची रांग हल्ली आमचं अंगण ओलांडून पार वळणापर्यंत जाते, आणि हे धटिंगण दिवसभर जागच्या जागी घुरघुरत धूर सोडतात. सकाळी दोरीवर घातलेली पांढरी चादर दुपारी करडी होते, आणि संध्याकाळी तिचा रंग कोणता यावर घरात दोन मतं पडतात. बाबा फाटकात उभे राहून ट्रकवाल्यांच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करतात. (इंजिनांच्या आवाजात ऐकू कुणालाच जात नाही. उलट दोघंतिघं ड्रायव्हर ओळखीचे आजोबा म्हणून रोज हात हलवतात.) इथवर हसण्यावारी नेलं, पण मग हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी चादरींचा आख्खा गठ्ठा परत पाठवला. निरोप असा, की चादर बघूनच पेशंटला धाप लागते. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे. आत्या, हॉस्पिटलचं काम गेलं तर लाँड्रीला कुलूपच. इस्त्रीवाल्या दोघींना काय सांगणार होते मी?

पदर खोचून मी रस्त्यावर उतरले आणि समोर दिसला त्या ट्रकचं दार बडवलं. आतले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, इंजिन बंद केलं की डोळा लागतो. डोळा लागला की मागचा पुढे घुसतो. रस्त्यावर जळत नाही एवढं डिझेल इथं उभ्या उभ्या जळतं, आणि मालकाच्या शिव्या आम्ही खातो." (एवढं लांब भाषण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं, हे मला मागाहून कळलं. रांगेत त्यांना सगळे मौनीबाबा म्हणतात.) भांडायला गेलेली मी, तोंडात मारल्यासारखी परत आले. गठ्ठ्यांना नंबराचे बिल्ले लावता लावता डोक्यात उजेड पडला. बिल्ल्यांची दुसरी पिशवी उचलली आणि रांगेत वाटत सुटले. ज्याचा नंबर आधी तो आधी, इंजिन बंद, आणि नंबर येईपर्यंत आमच्या अंगणात चादरींच्या सावलीत खुशाल आडवे व्हा. नंबर पुकारायचं काम बाबांकडे. त्यांचा आवाज एवढी वर्षं फुकटच जात होता!

पहिल्याच दिवशी घोळ झाला. बिल्ल्यांच्या दोन पिशव्या म्हणजे सात नंबरही दोन, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एक मौनीबाबांकडे आणि दुसरा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांच्या कोटाला. बाबांनी "सात नंबर!" म्हणून हाक मारली आणि बिल्ला बघून कोट मौनीबाबांच्या हातात ठेवला. मौनीबाबांना वाटलं, बंदरात जाताना आता हा घालायचा असतो, म्हणून त्यांनी तो चढवला. गेटवरच्या पहारेकऱ्याला वाटलं, तपासणीला कुणी बडे डॉक्टर ट्रक घेऊन आले! त्याने सलाम ठोकला, फाटक सताड उघडलं, आणि आपला खोकला कधीपासूनचा तेही सांगून टाकलं. मौनीबाबांनी त्याला "धुरातून लांब बसा" एवढा सल्ला दिला. (बरोबरच दिला की नाही?) संध्याकाळी ते कोट परत घेऊन आले, त्यावर आपल्याच तेलकट बोटांचे डाग बघून कानकोंडे झाले आणि आमच्या नळावर बसून स्वतः घासत बसले. कॉलर माझ्यापेक्षा चांगली निघाली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चार दिवसांत रस्ता असा शांत झाला, की बंदराचे साहेब घाबरले. हॉर्न नाही, धूर नाही, म्हणजे संपच! दोन पोलीस घेऊन ते धावत आले, तर अंगणभर ड्रायव्हर घोरत पडलेले.

"संप कधीपासून?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"संप नाही साहेब, झोप आहे," बाबा म्हणाले. "हळू बोला."

साहेबांनी नाकाने दोनदा मोठा श्वास घेतला, आणि चेहरा असा झाला की हवा पहिल्यांदाच चाखतायत. आता गेटावर नंबराची पाटी लागलीय, इंजिन बंद ठेवायचा हुकूम निघालाय, आणि मेट्रनबाईंनी परवा स्वतः येऊन चादरी उजेडात धरून बघितल्या. जाताना घरचे पडदे ठेवून गेल्या.

बाकी सगळं क्षेम. काकांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. – खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. मौनीबाबा आता बंदरात काम नसलं तरी येतात आणि नळावर बसून कॉलरी घासू लागतात. काल कॉलर घासता घासता त्यांनी मला लग्नाचं विचारलं, आणि मी ताबडतोब हो म्हटलं. पण जावई ट्रकवाला, हे बाबांना सांगायची माझी छाती नाही. ते भितात फक्त तुला. लगेच निघ.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबा दिसेनात म्हणून मी बाहेर गेले. ते मौनीबाबांच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसलेत, आणि मला बघून म्हणाले, "जावईबापूंनी मघाशीच विचारलं, मी हो म्हणून टाकलंय. तू मध्ये पडू नकोस." तेव्हा समजवायला नको, पण तरी ये. तेव्हापासून ते हॉर्न वाजवतायत आणि खाली उतरायला तयार नाहीत.