चावलेली रोटी

इस्फरा, फेब्रुवारी

प्रिय मुनव्वरा,

खुशाली नंतर विचारीन, आधी कामाचं. हे पत्र मॉस्कोला निघालेल्या सत्तोरच्या हाती देते आहे. फोन केला नाही, कारण तुझा नंबर तुझ्या सासूकडेच आहे, ती फोन स्पीकरवर लावते आणि तिकडे मॉस्कोत तुझ्या खोलीतल्या सगळ्या बायका कान देऊन असतात. एकटी असशील तेव्हा वाच. बेकरीत, भट्टीपाशी उभं राहून वाचू नकोस.

तू गेलीस त्या पहिल्याच हिवाळ्यात तुझी रुखशोना माझ्या वाचनालयात येऊ लागली. मला वाटलं, शेगडीसाठी येते. घरी वीज नसली की अर्धी गल्ली येते. मी म्हटलं, "पुस्तकं शेगडीत घालायची नाहीत, बाकी काय हवं ते कर." तर म्हणते कशी, "नाही घालणार, मुअल्लिमा. तुमची निम्मी पुस्तकं ओलीच आहेत, धूर होईल." मी शाळेत तुझी बाई होते तेव्हा तूही अशीच उलट बोलायचीस. मला ती तेव्हाच आवडली, पण तसं दाखवलं नाही.

स्वतःबद्दल ती कधी बोलली नाही. कशी आहेस विचारलं की "बरी". मात्र पुस्तकातल्या मुलीबद्दल विचारलं की तोंड थांबायचं नाही. एकदा म्हणाली, "ही जेवत नाही, मुअल्लिमा. ताटात नुसतं ढवळते आणि बीबी-आजीला वाटतं, जेवली." त्या पानावर जेवणाचा शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवसापासून शोरब्याचा डबा दोघींपुरता आणू लागले. असं असतं ते. स्वतःचं दुखणं सांगायला जीभ उचलत नाही, पण गोष्टीतल्या मुलीच्या आडून ही पोरं सगळं सांगून टाकतात. म्हणून शुक्रवारी दुपारी भिंतीवर चादर लावून मी सिनेमे दाखवू लागले. ज्यांचे आईबाप रशियात आहेत अशीच पोरं जास्त येतात. तुझा दीर त्याला रडक्यांचा दवाखाना म्हणतो. म्हणू दे. निदान तिथे कुणी कुणाला रडू नकोस म्हणत नाही.

त्यातला एक सिनेमा ती पुन्हा पुन्हा मागायची. डोंगरातल्या हवामान केंद्रावर एकटी राहणारी मुलगी रोज सकाळी थंडी मोजते आणि रेडिओवरच्या माणसाला आकडा सांगते. पुढे रेडिओ बंद पडतो, तरी ती मोजत राहते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा रुखशोना बाकीच्यांना म्हणाली होती, "बघा, कुणी विचारत नाही तरी ती मोजतेय. म्हणजे ती टिकणार." गेल्या डिसेंबरात तोच सिनेमा संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणी विचारतच नाही, तर तिनं मोजणं थांबवलं तरी कुणाला कळेल, मुअल्लिमा?" मुनव्वरा, सिनेमा तोच होता. मी चादरीची घडी घालत होते. ती मला नीट घालता येईना.

मग एकेक होत गेलं. तिनं सगळी पुस्तकं परत आणली, मी वाढदिवसाला दिलेलंसुद्धा. "हे तुझं आहे" म्हटलं, तर म्हणाली, "दुसऱ्या कुणाला होईल." तू पाठवलेली निळी शाल तिनं शेजारच्या मुलीला देऊन टाकली. घर झाडून लख्ख केलं. चुलतभावंडांवर डाफरणं बंद झालं. तुझी सासू खूश होऊन मला सांगत आली, "पोर सुधारली हो. पुस्तकांचं खूळ गेलं, आता स्थळं बघायला हरकत नाही." त्या बाईच्या आनंदाची मला इतकी भीती वाटली की मी चहासुद्धा विचारला नाही.

आणि मग रोटी. निघताना उंबऱ्यावर तू जिचा घास चावलास आणि तू परत येऊन उरलेली खाशील म्हणून जी दारावर टांगली होती, ती. रुखशोनानं ती खाली काढली, चहात भिजवली आणि खाल्ली. सासूनं थोबाडीत मारली. "आईच्या परतीची वाट खाल्लीस, अवदसे!" गल्ली जमली. मुल्लाला बोलावून तुझ्या नावानं दुआ म्हणून घेतली. तुझ्यावर काय संकट येईल, याची चर्चा घरोघर झाली. ज्या पोरीनं वाट बघणंच सोडून दिलं तिचं काय, हे एकानंही विचारलं नाही.

ती माझ्याकडे आली, रुमालात काहीतरी बांधून. रोटीचा तुझे दात उमटलेला तुकडा तिनं खाल्ला नव्हता. म्हणाली, "हा तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे नको." मी वाचनालयाचं दार लावलं आणि सरळ विचारलं, "रुखशोना, मरायचा विचार करते आहेस का?" आपल्याकडे असं विचारत नाहीत, अभद्र मानतात. शेगडीकडे बघतच ती म्हणाली, "त्या केंद्रावरच्या मुलीला कुणी असं विचारलं असतं, तर ती खाली बसली असती." आणि ती खरोखरच जमिनीवर बसली आणि रडली.

खुजंदहून डॉक्टरीण आणवली. औषध सुरू आहे. पोरगी सध्या माझ्या घरी आहे. सासूशी भांडूनच आणली. डॉक्टरीण म्हणते, एकटी सोडू नका. मी लाघमानच्या शेवया लाटते तेव्हा ती मला मोठ्यानं वाचून दाखवते. काल एका कादंबरीच्या शेवटावरून माझ्याशी कडाकडा भांडली, फार बरं वाटलं. पण कधीकधी वाचता वाचता थांबते. पान उलटल्याचा आवाज येत नाही. मी स्वयंपाकघरातून हाक मारते, आणि ओ येईपर्यंत माझं लाटणं जागच्या जागी थांबलेलं असतं.

पुस्तकांनी तिला माझ्या दारापर्यंत आणलं, बोलायला शब्द दिले. तेवढं त्यांचं काम, ते त्यांनी केलं. पुढचं माझ्याच्यानंही होणार नाही. तू रविवारी फोन करायचीस, मग महिन्याने, मग पैशांबरोबर निरोप. बेकरीवाला रजा देणार नाही, कागद रद्द होतील, पुन्हा आत घेणार नाहीत, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी ये. नवरोजची वाट बघू नकोस, सत्तोर परत निघेल त्याच्याबरोबरच नीघ. हे पत्र लिहिते आहे, हे रुखशोनाला सांगितलं आहे. तिनं "नको" म्हटलं नाही. तिच्याकडून एवढंच आलं आहे, आणि ते किती आहे हे तू आई असशील तर तुला कळेल. सोबत रुमाल आहे, त्यात तो तुकडा. तिथे खाऊ नकोस. इथे, तिच्यासमोर बसून खा.

तुझीच, तेव्हाही रागावणारी आणि आताही,
सनोबर मुअल्लिमा