शब्दांच्या शेपट्या

आई, या वयात मी नवी भाषा शिकते आहे. इंग्रजी नव्हे, इंग्रजी कधीच शिकून झाली, तिच्यावर पोट भरलं, घर झालं. ही फिलिपिनो लोकांची, टगालोग म्हणतात तिला. तू म्हणशील, आता हे काय नवीन काढलंस? मी नाही काढलं, तुझ्या नातवाने काढलं. तो ज्या मुलीशी लग्न करायचं म्हणतोय ती तिकडची. म्हणजे जन्मली इथेच, कॅलिफोर्नियात, पण तिची आई ती लहान असतानाच गेली आणि तिला वाढवलं तिच्या आजीने. आजीला ते लोला म्हणतात. लोलाला इंग्रजी येतं, पण बँकेपुरतं आणि डॉक्टरपुरतं. मनातलं काही बोलायचं असलं की ती आपल्या भाषेत शिरते, आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसतो. म्हणून मी म्हटलं, आपणच शिकू या थोडं, विहीणबाईशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत.

सुरुवात फोनवरून केली. सनीव्हेलहून ऑफिसच्या शटलमध्ये बसलं की कानात घालायचं आणि पुटपुटायचं: भात, पाणी, ये, जा, बस, जेव. शेजारी बसलेले तरुण पोरगे बघायचे, बघू देत. दिवाळीत त्या दोघींना घरी बोलावलं. लोला दारातून आत आली, छोटीशी, पांढरे केस पिनांनी बसवलेले, आणि मी मोठ्या हौसेने म्हटलं, "उमुपो का. कुमाइन का." म्हणजे बस. जेव. ऐंशीच्या घरातली बाई ती. लोला बसली. चकलीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि इंग्रजीत "थँक यू" म्हणाली. तिच्या नातीने मान खाली घातली. मला कळलं की कुठेतरी माती खाल्ली, पण कुठे ते कळेना, कारण शब्द तर मी घोटून घोटून पाठ केले होते.

माझ्या टीममध्ये एक फिलिपिनो बाई आहे, माझ्यासारखी टेस्टिंगलाच, माझ्याहून थोडी मोठी. तिला सगळे आते म्हणतात. त्यांच्यात आते म्हणजे ताई. लंचला डबा उघडून तिला सगळी हकीकत सांगितली तर ती हसता हसता चमचा खाली ठेवून बसली. म्हणाली, शब्द तुझे अगदी बरोबर आहेत, फक्त तू त्या म्हातारीला कुत्र्याला सांगतात तसं सांगितलंस. मग तिने मला समजावलं. त्यांच्या बोलण्यात वाक्यात मधे-शेवटी बारके बारके शब्द येतात. त्यांना धड अर्थ नाही, पण ते नसले तर बोलणं उघडंबोडकं वाटतं. जेव याला मुना लावलं की आधी जेव, मग बाकीचं. लांग लावलं की जेव गं, संकोच करू नकोस. नमान लावलं की जेव की बाई, किती आग्रह करायला लावतेस. आणि मोठ्या माणसाशी बोलताना पो, तो तर श्वासासारखा येत राहिला पाहिजे. मी तिला म्हटलं, थांब, हे मला माहीत आहे, माझी आई यांना शेपट्या म्हणायची.

तुला आठवतं का गं? तू विजापूरकडची, घरी कन्नड, आणि लग्न होऊन आलीस सोलापूरच्या पेठेत, आमच्या मराठी घरात. मराठी तुला यायचं, पुस्तकातलं, एकही चूक नसलेलं. कुणी आलं की तू म्हणायचीस, "बसा. चहा घ्या." आणि शेजारच्या बायका आपापसात म्हणायच्या, नवी सून कडक आहे. तू कडक नव्हतीस. तुझ्या भाषेत नुसतं री लावलं की सगळा मान आणि सगळी माया त्यात यायची. बर्री, कूड्री, ऊटा माड्री, म्हणजे या, बसा, जेवा. तो री मराठीत कुठे लावायचा ते तुला सापडत नव्हतं. एकदा लावून बघितलास म्हणे, "बसा री," आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग तू काय केलंस, तर उन्हाळ्यात बोलावलं नसतानाही दुसऱ्यांच्या गच्चीवर पापड लाटायला जाऊन बसायला लागलीस. मी तुझ्याबरोबर, लाट्या चोरून खायला. तू तोंडातून अक्षर काढायची नाहीस, भराभर लाटायचीस आणि ऐकायचीस. जिना उतरताना मात्र तुझी पुटपुट सुरू व्हायची. बसा की. बसा ना. बसा हो. बसा बरं जरा. मला वाटायचं आई काहीतरी देवाचं म्हणते आहे. वर्ष-दोन वर्षांत तू अशी झालीस की बायका आपलं रडगाणं घेऊन पहिल्यांदा तुझ्याकडे यायला लागल्या. आणि एकदा समोरच्या काकू आल्या तेव्हा मी खेळाच्या नादात "आई नाही घरात" म्हणून दार लोटलं, ते तू मागच्या बाजूने येताना ऐकलंस. मारलं नाहीस. हाताला धरून काकूंच्या दारात नेलंस आणि पुन्हा म्हणायला लावलंस, "आई नाहीये हो काकू, येईलच आता, बसता का जरा?" परत येताना म्हणालीस, "शब्द सगळे बरोबर होते तुझे. माणूस मात्र दारातच राहिलं." तेव्हा मला फक्त राग आला होता.

दिवाळीनंतर लोलाकडून काहीच आलं नाही. पोरांना वसंतात लग्न करायचं होतं, पण मुलीने सांगितलं, लोला हो म्हणाल्याशिवाय मी करणार नाही. आणि लोला हो म्हणेना की नाही म्हणेना. आम्ही वाट बघत राहिलो. आपल्यात कसं, मुलीकडचे येतात, बोलणी होतात, पानसुपारी होते. मी काही मानपान मागणारी बाई नाही, पण पहिलं पाऊल त्यांचं, हे कुठेतरी हाडात बसलेलं. तुझे जावई तर म्हणाले, "आपण मुलाकडचे, आपणच कसं उठून जायचं? लोचटासारखं दिसेल." थँक्सगिव्हिंग गेलं, ख्रिसमस गेला. मुलगी रविवारी यायची ती येईनाशी झाली. मुलगा एकदा चिडून म्हणाला, "मॉम, आम्ही सिटी हॉलला जाऊन साइन करून टाकतो," आणि लगेच म्हणाला, "पण ती येणार नाही." त्याचा चेहरा मला बघवेना. मला वाटायला लागलं, त्या म्हातारीला आमचं घर पसंत नाही. नसेल, तर तसं तोंडावर सांगावं माणसाने.

वाट बघायला लावण्याचं मला भय आहे, तुला माहीत आहे का. तुझ्या शेवटच्या दुखण्यात माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं होतं, निघता येईना. मी पोचले तेव्हा तू हॉस्पिटलात खिडकीशी कुशीवर होतीस. मला बघितलंस आणि म्हणालीस, "किती उशीर केलास." त्यानंतर तू कुणाशीच काही बोलली नाहीस. ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या जावयांनाही नाही. भाजी चिरताना, सिग्नलला थांबलेली असताना ते मधेच येतं.

जानेवारीत एक दिवस आतेने विचारलं, "मग, वर जाऊन आलात का?" मी म्हटलं, कुठे वर? तिने चमचा थांबवला. त्यांच्याकडे म्हणे जुनी घरं खांबांवर असायची, जिना चढून जावं लागायचं. मुलाचे आईबाप आपल्या घरी रांधलेलं जेवण घेऊन मुलीच्या घराचा जिना चढतात, सगळे एकत्र जेवतात आणि मुलगी मागतात. पमामनहिकान म्हणतात त्याला. आता घरं कशीही असोत, पण मुलाकडच्यांनी आल्याशिवाय मुलीकडचे बोलायचे नाहीत. म्हणाली, "ती तुझी वाट बघतेय. तिला वाटत असणार, मुलाच्या आईला ही पोरगी नको आहे." माझ्या हातातला घास हातातच राहिला. ती तिकडे माझी वाट बघत होती, मी इकडे तिची, आणि दोघी मनातून एकमेकींवर रागावलेल्या. पोरगी मधल्या मधे वाळत होती. मी आतेला म्हटलं, मला वाक्य शिकव, मीच जाते.

ती म्हणाली, भाषण पाठ करू नकोस, शेपट्या नीट कर. मग रोज लंचला तेच. मी सुरुवातीला एका वाक्यात सगळ्याच घालायची, हिंग-मोहरी-जिरं-मेथी एकाच फोडणीत टाकावी तशी, आणि ती तोंड वाकडं करायची. मी दाउ फार वापरायची, दाउ म्हणजे आपलं म्हणे. मुलगा लग्न करायचं म्हणतोय म्हणे, आम्हाला आनंद आहे म्हणे. आते एकदा म्हणाली, "मागायला जातेस ना? मग दुसऱ्याच्या नावावर बोलू नकोस. तुला ती मुलगी हवी आहे की नाही?" मी म्हटलं, हवी आहे. ती म्हणाली, मग दाउ काढ आणि साना घाल. साना म्हणजे असं झालं तर किती बरं होईल. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, त्या कॅफेटेरियात, सगळ्यांसमोर. तुझ्या नातवाने तिचं नाव घरात आणल्यापासून मी हे स्वतःशीही बोलले नव्हते, की मला ती आवडते. ती आल्यावर चपला काढून सरळ ओट्याशी येते आणि विचारते, काय चिरू?

मागच्या रविवारी आम्ही गेलो. मिल्पिटासला दुसऱ्या मजल्यावर राहतात त्या, बाहेरून सिमेंटचा जिना. मी शेंगापोळ्या केल्या होत्या, तुझ्या हातासारख्या नाही झाल्या, दोन फुटल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात नारळ आणि खण. तुझे जावई मागून भाताचं पातेलं घेऊन, पुटपुटत, की असं मुलाकडच्यांनी पातेली वाहताना कुणी बघितलंय का. वर बघते तर लोला दाराबाहेर कठडा धरून उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली, "तुलोय पो कायो." या हो आत, या. ऐंशीची बाई मला पो म्हणाली. मी डबा मुलाकडे दिला, तिचा हात घेऊन कपाळाला लावला, तसं करतात त्यांच्यात, आणि "मानो पो" म्हटलं. तिचा हात गार होता.

जेवण मांडलं तरी ती उभीच, ताटं मोजत, माणसं मोजत. मी खुर्ची ओढून म्हटलं, "उपो मुना पो कायो." बसा हो आधी. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि बसली. मग मी बसायच्या आधीच मागून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. "हिहिन्गिन पो साना नामिन..." आम्हाला तुमची नात मागायची होती हो. पुढचे शब्द धड आले की नाही देव जाणे. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. लोलाने वाढायचा चमचा उचलला आणि म्हणाली, "काइन मुना तायो." मुलगा माझ्या कानाशी लागला, "इज दॅट अ येस?" मी म्हटलं, जेवू या आधी म्हणतायत, गप बस.

जेवलो. त्यांच्या शेवया, आमचा भात. लोलाने शेंगापोळी मोडली, तूप लावून दिली मी, खाल्ली. अर्धी आणखी घेतली. बोटं पुसली. आणि माझ्याकडे न बघता, नातीकडे बघत म्हणाली, "आंग तागाल निन्यो नमान." किती उशीर केलात हो. पोरगी ओंजळीत तोंड घालून रडायला लागली, लोलाने तिला जवळ ओढलं, आणि मुलाला सांगावं लागलं नाही की हे हो आहे. मी मात्र उठून ओट्यापाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. लोला मागून आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, मी आनंदाने रडते आहे. तेही होतंच म्हणा.

येताना गाडीत तुझे जावई खुशीत होते, तारखा काढत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. हे कागद मी कुठे पाठवणार नाही, तुझा पत्ता असता तरी धीर झाला नसता. एवढं मात्र सांगून टाकते. त्या दिवशी हॉस्पिटलात तुझ्या वाक्याच्या शेवटी काही होतं की नव्हतं, मला खरंच आठवत नाही. दुखण्यात तुझं मराठी पुन्हा पहिल्यासारखं कोरडं झालं होतं, असं सगळे म्हणत होते. विचारायला तू नाहीस, म्हणून न विचारताच मी रविवारपासून तिथे एक गं लावून घेतला आहे. किती उशीर केलास गं.