पैनगंगेच्या वाळूतून माहूरला

८ मे, सकाळ
अर्पिताला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलला ११ तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. ती म्हणते, "बाबा, तुमी एकटे राहाल काय, ते आधी पाहू द्या." शंका योग्य आहे. तिची आई वारली त्याला वर्ष होत आलं. मी पूर्ण सावरलोय. पोरीला ते दिसायला हवं, एवढंच. म्हणून ट्रिप.
संकल्प: शुभांगीचा विषय काढायचा नाही. हसायचं. फोटो काढायचे.

९ मे, संध्याकाळ
माझा जुना विद्यार्थी देवानंद यानं आटलेल्या पैनगंगेच्या वाळूत तंबू ठोकून 'डेझर्ट कॅम्प' काढलाय. "सर, राजस्थानला काऊन जाता? उंट सोडून सगळं आहे इथं."
जेवायला तीन ताटं सांगितली. तिसरं देवानंदचं, असं लगेच स्पष्ट केलं. त्याचं जेवण झालं होतं. भरलेलं ताट उचलायला सांगणं बरं दिसेना. राहू दिलं.
एवढं रुंद पात्र, तरी मी शेजारी जागा सोडून एका कडेनं चालतो, असं अर्पिता म्हणाली. सवय असेल. कसली, ते आठवेना.

१० मे, दुपार, माहूर
साग झडलाय, त्यामुळे डोंगर लांबवर दिसतात. घाटात गाडी फार हळू चालवली. शुभांगीला गाडी लागते. लागायची. (मनात म्हटलं, बहुतेक.) अर्पिता म्हणाली, "मला कुठं लागते बाबा?" म्हणजे मनात नसावं.
देवीच्या ओटीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. घरासाठीही घेतल्या, अडीचच्या मापाच्या. बांगड्यावाली बयनाबाई म्हणाली, "भाऊ, बाईलेच आणाचं होतं न. हात पाहून भरून देल्या असत्या."
म्हटलं, "ती गाडीत बसलीय. चढण झेपत नाही तिला."
अनोळखी बाईला दुःख कशाला सांगायचं? हा निव्वळ शिष्टाचार होता. अर्पिता मागेच उभी होती.

१० मे, संध्याकाळ
परतताना तिनं विचारलं, "घरच्या बांगड्या कोण घालणार?" तू, म्हटलं. तिनं हात घातला, बांगड्या सरळ खाली गळाल्या.
"मोठी होशील," मी म्हणालो. आणि हसलो. संकल्प पाळला.
फोटो पाहिले. प्रत्येकात अर्पिता एका कोपऱ्यात आलीय. मला फ्रेम जमत नाही.

११ मे, सकाळ
एकूण ट्रिप यशस्वी. चहा घेताना अर्पितानं समोर बसून विचारलं, "बाबा, खरं सांगा. राहाल न एकटे?"
उत्तर तयारच होतं. अजिबात न अडखळता म्हटलं, "मी अगदी ठीक आहे. विश्वास बसत नसेल तर आईला विचार."
तिनं कप खाली ठेवला आणि फोन घेऊन वाळूत लांबवर गेली. वारा तिकडून इकडे येत होता, म्हणून ऐकू आलं. हॉस्टेलवाल्या मॅडमना सांगत होती, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या.